व्हिडिओवाल्याला बयाणा द्यायच्या आधी: खान्देशातल्या लग्नघरासाठी

माझ्या लग्नाचा व्हिडिओ तीन तासांचा आहे आणि त्यात माणसाचा आवाज एकही नाही. खोटं नाही सांगत. हळदीच्या रात्री माझी आजी आणि गल्लीतल्या चार म्हाताऱ्या बायका अहिराणीत गाणी म्हणत बसल्या होत्या, एकीनं सोडलं की दुसरीनं उचललं असं दोनेक तास चाललं, कॅमेरा समोर होता, लाल दिवा चालू होता, आणि चार महिन्यांनी पेनड्राइव्ह आला तेव्हा बघतो तर आजीचे ओठ हलताहेत आणि वरून हिंदी सिनेमाचं गाणं वाजतंय. मंगलाष्टकांवर गाणं, पाठवणीवर गाणं, मी पप्पांच्या गळ्यात पडून काहीतरी बोलले होते त्यावरही गाणं. फोन केला तर म्हणे, ताई मिक्सिंगमध्ये ओरिजिनल आवाज काढावाच लागतो, नाहीतर डीजेचा गोंगाट येतो. मग ओरिजिनल तरी द्या म्हटलं, तर ते डिलीट झालेलं, कारण कार्ड दुसऱ्या दिवशी दुसऱ्या लग्नाला लागतं.

त्यानंतर दोन वर्षांनी भावाचं लग्न निघालं. तेव्हा मी घरात सांगून टाकलं की जेवण, बँड, मांडव तुम्ही बघा, व्हिडिओवाला मी ठरवणार. अमळनेर, जळगाव, धुळे असं फिरून पाच जणांशी बोलले, चुका त्यातही झाल्या पण कमी झाल्या. तेच खाली लिहिते. पुण्या-मुंबईच्या लग्नांचे सल्ले वाचून आपल्याकडे फार उपयोग होत नाही, तिकडे लग्न वेळेवर लागतं.

१. आधी घरात ठरवा की नेमकं काय पाहिजे

व्हिडिओवाल्याकडे गेलात की पहिला प्रश्न येतो, "ट्रॅडिशनल की सिनेमॅटिक?" आणि आपण एकमेकांच्या तोंडाकडे बघतो. साधं आहे. ट्रॅडिशनल म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळे विधी, आहेर, पंगत, कोण कोण आलं ते सगळं, दोन-तीन तासांचा व्हिडिओ. सिनेमॅटिक म्हणजे निवडक क्षण, स्लो मोशन, गिंबलवरचे (कॅमेरा हलू न देणाऱ्या दांड्यावरचे) सरकते शॉट, आणि शेवटी पाच-दहा मिनिटांचं हायलाइट, त्याहून छोटा टीझर आणि मोबाइलसाठी उभे रील. नवरा-नवरीला सिनेमॅटिक आवडतं, आई-वडिलांना आणि मामांना ट्रॅडिशनल लागतं, कारण त्यांना स्वतःला बघायचं असतं, आणि ते चूक नाही. माझं मत विचाराल तर पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर ट्रॅडिशनल घ्या पण चांगल्या माणसाकडून घ्या. हायलाइट वर्षभरात आपण बघायचं बंद करतो. वीस वर्षांनी जे बघायला बसाल ते पंगतीत कोण कोण होतं तेच असेल.

मग कार्यक्रमांची यादी करा. साखरपुडा वेगळा आहे का, हळद कुठे, मांडवाचा दिवस शूट करायचा का, देवक, नवरदेवाची मारुतीच्या मंदिरापासूनची मिरवणूक, लग्न, पाठवणी, नवरीचा गृहप्रवेश, दुसऱ्या दिवशीची सुपारी सोडायची मजा, कुलदैवताचं दर्शन. आमच्या वेळी गृहप्रवेश कुणीच सांगितला नव्हता, मी माप ओलांडतानाचा एक मोबाइलचा हललेला फोटो आहे फक्त. जे सांगितलं नाही ते शूट होत नाही, हे लक्षात ठेवा.

२. तीथ धरली की त्याच आठवड्यात फोन सुरू करा

आपल्याकडे तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू होतो आणि खरी गर्दी एप्रिल-मेमध्ये, पोरांच्या शाळांना सुट्टी, सुरतवाले गावाकडे येतात, शेतीची कामंही थोडी मोकळी असतात. मोठी तीथ असली की एकाच दिवशी एकट्या चोपड्यात किंवा शिरपुरात इतकी लग्नं असतात की बँड मिळत नाही, घोडा मिळत नाही, तसाच चांगला कॅमेरावालाही मिळत नाही. आणि जो त्या दिवशी "मोकळाच आहे ताई" म्हणतो त्याला जरा जास्त प्रश्न विचारा.

फोनवर फक्त तीन गोष्टी विचारायच्या: त्या तारखेला तुम्ही स्वतः आहात का, आमच्या गावापर्यंत येता का, आणि पूर्ण व्हिडिओचं सॅम्पल दाखवाल का. भाव फोनवर विचारू नका, फोनवर सांगितलेला भाव प्रत्यक्षात कधीच राहत नाही, वर तरी जातो नाहीतर खाली येतो आणि त्याबरोबर कामही खाली येतं.

३. सॅम्पल बघताना टीझर बघू नका

टीझर सगळ्यांचेच छान असतात. अख्ख्या वर्षातल्या सगळ्यात देखण्या जोडप्याचे, सगळ्यात महागड्या लॉनवरचे दोन मिनिटांचे तुकडे, त्यावर वाजणारं सनईचं म्युझिक. त्यावरून काही कळत नाही. तुम्ही म्हणा की एका लग्नाचा पूर्ण व्हिडिओ दाखवा, आणि तोही आपल्याकडच्या दुपारच्या लग्नाचा, मे महिन्यातला असेल तर उत्तम. त्यात हे बघायचं:

मंगलाष्टका चालू असताना कॅमेरा कुठे आहे. आपल्याकडे मंगलाष्टकांना अर्धं गाव स्टेजवर चढतं, मित्र मोबाइल वर धरून उभे राहतात, अक्षतांचा पाऊस चालू असतो. ज्या माणसाला आपल्या लग्नांची सवय आहे त्यानं एक कॅमेरा आधीच उंचावर, बाजूला स्टूल किंवा ट्रायपॉडवर लावलेला असतो आणि दुसरा हातात असतो. ज्याला सवय नाही त्याच्या व्हिडिओत दहा मिनिटं कुणाच्या तरी फेट्याचा मागचा भाग दिसतो.

चेहऱ्यांचा रंग. कापडी मांडव लाल किंवा पिवळा असेल तर दुपारी बाराच्या उन्हात ते कापड पेटल्यासारखं होतं आणि खाली बसलेली सगळी माणसं लालभडक नाहीतर कावीळ झाल्यासारखी पिवळी दिसतात. कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स (रंग खरे दिसावेत म्हणूनची सेटिंग) नीट केला आणि समोरून लाइट दिला तर बरंच सावरतं, न केलेलं सॅम्पलमध्ये लगेच ओळखू येतं. याला माझा एक फुकटचा सल्ला म्हणजे मांडववाल्यालाच स्टेजच्या वर पांढरं कापड लावायला सांगा, पैसे तेवढेच लागतात.

एलईडी लाइट आणि एलईडी वॉलसमोरचे शॉट. व्हिडिओत लाइट लुकलुकतो का, आडव्या पट्ट्या सरकताना दिसतात का. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साध्या लाइटखाली शटर (कॅमेऱ्यातली एक सेटिंग) ५० किंवा १०० वर ठेवलं तर सहसा हा त्रास होत नाही, ज्याला हे माहीत नाही तो ६० वर शूट करतो आणि मग पट्ट्या येतात. एलईडी वॉलचं गणित जरा वेगळं असतं, तिथे स्क्रीनसमोर उभं राहून आधी टेस्ट घ्यावी लागते. तुम्हाला आकडे पाठ करायची गरज नाही, "पट्ट्या येतात का हो" एवढंच विचारा, माणूस काय उत्तर देतो त्यावरून कळतं.

आणि आवाज. त्याचं खाली वेगळं लिहितेच, पण सॅम्पल बघायला जाताना घरून इअरफोन घेऊन जा. दुकानातल्या मोठ्या टीव्हीवर सगळं भारी वाटतं.

४. "टीम येईल" म्हणजे कोण येईल

ही सगळ्यात जास्त फसवणूक होणारी जागा. दुकानात जो गोड बोलतो तो, आणि लग्नात कॅमेरा घेऊन येतो तो, हे एकच असतील असं नाही. मोठ्या तिथीला एकेक जण दोन-तीन ऑर्डरी घेतो आणि कॅमेरे भाड्यानं घेऊन नवशिकी पोरं पाठवतो. माझ्या लग्नात आलेला मुलगा बारावीला होता, गुणी होता बिचारा, त्यानंच मला सांगितलं की दादा धुळ्याच्या लग्नाला गेलाय.

म्हणून सरळ विचारा की किती माणसं, कोण कोण, व्हिडिओ कोण करणार, फोटो कोण काढणार, लाइट कोण धरणार. आणि तो माणूस कोण ते नावानिशी मेसेजमध्ये लिहून घ्या. एकच माणूस फोटोही काढतो आणि व्हिडिओही करतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा, वरमाला एकदाच पडते.

बाईमाणूस टीममध्ये आहे का हेही विचारा. नवरी तयार होतानाचं शूट, हळद लावल्यावरचं, अशा ठिकाणी बाई असेल तर घरातल्या बायका मोकळेपणानं वावरतात. धुळे-जळगावात आता मुली या कामात दिसतात, पण कमी आहेत, लवकर बुक होतात. नाहीच मिळाली तर तेवढा भाग बहिणीला मोबाइलवर करायला सांगा, मी तसंच केलं.

एक शब्द सांभाळा: "व्हई जाई", म्हणजे होऊन जाईल. दोन कॅमेरे येतील ना, व्हई जाई. महिनाभरात व्हिडिओ मिळेल ना, व्हई जाई ताई. आपल्याकडे हे इतकं प्रेमानं म्हणतात की पुढं बोलायला लाज वाटते. पुढं बोलायचं. "कसं व्हई?" हा प्रश्न तिथल्या तिथे विचारायचा.

५. आवाज, आवाज, आवाज

फोटोपेक्षा व्हिडिओत जास्तीचं काय असतं? हालचाल आणि आवाज. आणि आपले बहुतेक व्हिडिओवाले त्यातला आवाज फेकून देतात. कारण समजण्यासारखं आहे, डीजे आणि बँडसमोर कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक फाटतो, नुसता खरखराट येतो, म्हणून गाणं टाकून मोकळं होणं सोपं. पण उपाय आहेत आणि फार महाग नाहीत, भावाच्या लग्नात मी हे चार ठरवले होते, त्यातले तीन करून घेतले:

गुरुजींना कॉलर माइक. वायरलेस, छोटा, उपरण्याला लावायचा. गुरुजींना आधी विचारून ठेवा, आमचे गुरुजी उलट खूश झाले आणि नंतर मंगलाष्टकांची क्लिप मागून घेतली.

साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट वायर. हॉलमध्ये जे माइकवर बोललं जातं, मंगलाष्टका, मान्यवरांचे आशीर्वाद, उखाणे, ते सगळं मिक्सरमधून जातंच, तिथं एक छोटा रेकॉर्डर जोडला की स्वच्छ आवाज मिळतो. यासाठी व्हिडिओवाला आणि साउंडवाला यांची आदल्या दिवशी गाठ घालून द्या, लग्नाच्या दिवशी कोणी कुणाचं ऐकत नाही.

पाठवणीच्या वेळी नवरीच्या ब्लाउजला किंवा वडिलांच्या खिशाला माइक. आमच्याकडे नवरीकडच्यांना हे विचारलं, त्यांना नको वाटलं, मग नाही लावला. विचारून करा, हे खासगी असतं.

आणि हळदीची गाणी. आता इथे थोडी युक्ती लागते. संध्याकाळी डीजे चालू असताना आजीबायका गाणारच नाहीत, गायल्या तरी ऐकू येणार नाहीत. रात्री १० नंतर लाउडस्पीकर कायद्यानंच बंद करावा लागतो, आपल्याकडे साडेदहापर्यंत ओढतात पण बंद होतो, तीच वेळ धरा. पोरं जेवायला गेली की म्हाताऱ्या बायकांना ओट्यावर किंवा आतल्या खोलीत बसवा, पंखा बंद करा कारण पंख्याचा आवाज फार येतो, एकीच्या पदराला माइक लावा, कॅमेरा लांब ट्रायपॉडवर ठेवा आणि कॅमेरावाल्याला सांगा की मोठा लाइट डोळ्यांवर मारू नको. समोर लाइट आला की त्या लाजतात आणि दोन ओळींत गाणं संपवतात. व्हिडिओवाल्याला अर्धा तास जास्त थांबावं लागतं, त्याचे पैसे आधीच बोलून ठेवा. अहिराणीतली ही गाणी ज्यांना येतात त्या बायका आता किती राहिल्यात तुमच्या गल्लीत, मोजून बघा. माझ्या आजीला जेवढी येतात त्यातली आईला निम्मी येतात आणि मला दोन.

शेवटी एडिटरला स्पष्ट सांगा की विधींचा, गाण्यांचा, बोलण्याचा खरा आवाज ठेवायचा, म्युझिक फक्त हायलाइटला. सिनेमाची गाणी टाकली की अजून एक डोकेदुखी असते, तो व्हिडिओ यूट्यूबवर टाकला की कॉपीराइटचा दावा येतो, कधी आवाज बंद होतो कधी व्हिडिओच अडतो. लग्नात, मिरवणुकीत गाणी वाजवायला कॉपीराइट कायद्यात सूट आहे, पण ती वाजवण्यापुरती, व्हिडिओत घालून नेटवर टाकायला नाही.

६. पैसे, आणि लिहून घ्यायच्या गोष्टी

भावाच्या लग्नाला मला आलेल्या पाच भावांत सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त यांच्यात दुपटीपेक्षा जास्त फरक होता, आणि पाचही जण "सगळं त्यात आलं" असंच म्हणत होते. आकड्याकडे बघण्याआधी "सगळं" म्हणजे काय ते विचारा. किती दिवस, किती कॅमेरे, अल्बम धरून की सोडून, करिझ्मा (जाड छापील पानांचा) अल्बम असेल तर किती पानांचा, येण्या-जाण्याचं भाडं, पेनड्राइव्ह कुणाचा, ड्रोन वेगळा का.

तासांवर ठरवू नका. पत्रिकेवर मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा असतो, नवरदेव बाराला मारुतीच्या पारावरून निघतो, मग बँडवाल्यासमोर मित्र नाचतात, मग काका नाचतात, मग ज्यांनी आयुष्यात कधी नाचलं नाही ते नाचतात, आणि लग्न लागतं अडीचला. तासांवर असाल तर त्या नाचाचे पैसेही तुम्हीच भरता. "पाठवणीपर्यंत" असं ठरवा, वेळ कितीही होवो.

पैसे तीन टप्प्यांत: थोडा बयाणा तारीख अडवायला, मोठा भाग लग्न झाल्यावर, आणि तीसेक टक्के तरी व्हिडिओ आणि ओरिजिनल डेटा हातात आल्यावर. हा शेवटचा हप्ता सोडू नका. लग्नाच्या दिवशी संध्याकाळी पप्पा किंवा काका भावनेच्या भरात सगळे पैसे देऊन टाकतात, "पोरगा दिवसभर उन्हात होता" म्हणून. पोराला वेगळी बक्षिसी द्या, हिशेबाचे पैसे राहू द्या.

पक्कं बिल मागितलं तर १८ टक्के जीएसटी लागतो, पण समोरच्याची नोंदणी असेल तरच. जीएसटी नंबर नसलेला माणूस जीएसटीच्या नावानं जास्तीचे पैसे घेऊ शकत नाही, एवढं माहीत असू द्या.

स्टॅम्प पेपर वगैरे लागत नाही, एक व्हॉट्सअॅप मेसेज पुरतो, पण तो पाठवून त्याच्याकडून "हो" घ्या. मी पाठवला होता तो साधारण असा:

"दादा, ठरल्याप्रमाणे: हळद (रात्री ११ पर्यंत), लग्न (पाठवणीपर्यंत), दुसऱ्या दिवशी गृहप्रवेश. व्हिडिओचे दोन कॅमेरे, फोटोचा एक, तुम्ही स्वतः एका कॅमेऱ्यावर. गुरुजींना माइक, मिक्सरमधून आवाज. पूर्ण व्हिडिओ ओरिजिनल आवाजासह, हायलाइट वेगळं. सगळा न कापलेला डेटा आमच्या हार्डडिस्कवर, आम्ही कॉपी तपासेपर्यंत तुमच्याकडून डिलीट नाही. पहिला कट ४५ दिवसांत, बदल दोन वेळा फुकट. आमचे फोटो-व्हिडिओ तुमच्या पेजवर टाकण्याआधी विचाराल. एकूण इतके, बयाणा इतका दिला, शेवटचा हप्ता डेटा मिळाल्यावर. बरोबर ना?"

उत्तर आलं, "हाव ताई." तेवढं बास.

डेटावरून कुणी वाद घातला की "डेटा स्टुडिओचा असतो", तर त्याला सांगा की कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे पैसे देऊन आपल्या सांगण्यावरून फोटो किंवा फिल्म करून घेतली तर पहिली मालकी करून घेणाऱ्याची असते, वेगळा करार केला नसेल तर. हे "वेगळा करार" महत्त्वाचं आहे, म्हणून त्यांच्या छापील बुकिंग पावतीच्या मागचं बारीक अक्षरातलं वाचून मगच सही करा.

जाताना सोबत काय न्यायचं: पत्रिका किंवा तिचा मजकूर, हॉलचं लोकेशन, कार्यक्रमांची वेळेसकट यादी, हॉलचे स्टेजचे दोन-तीन मोबाइल फोटो, इअरफोन, आणि घरातला एक असा माणूस ज्याला भाव करताना लाज वाटत नाही. आमच्याकडे ती आत्या होती.

७. ड्रोन, प्री-वेडिंग, लाइव्ह

ड्रोन हवाच असेल तर ड्रोन नियम २०२१ नुसार २५० ग्रॅमच्या वरचा, २ किलोपर्यंतचा मायक्रो ड्रोन धंद्यासाठी उडवायला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं, ते आहे का विचारा. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन वेबसाइटच्या नकाशावर आपला हॉल हिरव्या (मोकळ्या), पिवळ्या (परवानगी लागणाऱ्या) की लाल (बंदीच्या) भागात येतो ते बघता येतं. जळगाव विमानतळाच्या आसपास, भुसावळ-वरणगावला ऑर्डनन्स फॅक्टरीकडे लग्न असेल तर हे आधी बघाच. आणि माणसांच्या डोक्यावर, घोड्याजवळ ड्रोन आणू देऊ नका, घोडा बुजला तर व्हिडिओ राहिला बाजूला.

प्री-वेडिंगला लोक पाटणादेवी, मनुदेवी, तोरणमाळ, लळिंगचा किल्ला, मेहरुण तलाव, नाहीतर सरळ रावेरच्या केळीच्या बागा धरतात. पाटणादेवी गौताळा अभयारण्यात येतं, तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय कॅमेरे-ड्रेस घेऊन जाऊ नका, किल्ल्यांवरही परवानगी विचारूनच. केळीची बाग कुणाच्या ओळखीची असेल तर सगळ्यात सोपी, सावली असते, फक्त पांढरा ड्रेस घालू नका, केळीचा डाग आयुष्यभर जात नाही. ते लग्नात मोठ्या स्क्रीनवर लावायचं का, हे दोन्हीकडच्या मोठ्यांना आधी विचारून घ्या.

लाइव्ह म्हणाल तर सुरत आणि पुण्यातल्या नातेवाइकांसाठी चांगलं, पण हॉलवर हजार माणसं जमली की मोबाइलचं नेटवर्क बसतं. वायरचं नेट नसेल तर पैसे घालवू नका, मोबाइलवरून व्हिडिओ कॉल लावून एका पोराला उभं करा.

८. दोन पार्ट्या, दोन कॅमेरे

नवरीकडचा वेगळा व्हिडिओवाला, नवरदेवाकडचा वेगळा, आणि दोघांची स्टेजवर कोपरानं ढकलाढकली. एकाच्या व्हिडिओत दुसऱ्याची पाठ. वरमालेला दोघं म्हणतात "ताई इकडं बघा" आणि नवरी बिचारी मधे बघते. हे टाळायला सगळ्यात चांगलं म्हणजे दोन्हीकडून मिळून एकच टीम करा, खर्च निम्मा होतो. पण मानपानाचा विषय असतो, प्रत्येक ठिकाणी जमत नाही, आमचंही जमलं नाही.

मग आम्ही काय केलं, दोन्ही व्हिडिओवाल्यांचा आधी फोनवर कॉन्फरन्स कॉल लावला. डावी बाजू तुमची, उजवी त्यांची, मंगलाष्टकांना मधे कुणी यायचं नाही, आणि दोघांनी आपापला डेटा एकमेकांना द्यायचा. शेवटची अट फार कामाची ठरली, कारण नवरदेव निघतानाचं आमच्याकडे होतं, नवरी तयार होतानाचं त्यांच्याकडे, दोघांनाही दोन्ही मिळालं.

९. लग्नाच्या दिवशी

घरातल्या एका माणसाची ड्युटी लावा, ज्याला दोन्हीकडची नाती माहीत आहेत आणि जो नाचणार नाही. त्यानं व्हिडिओवाल्यासोबत राहायचं आणि बोट दाखवायचं: ही मोठी मामी, हे नवरदेवाचे आजोबा, हे नव्वदीचे आहेत त्यांना आत्ताच घे, ते जेवून लगेच निघतील. हे नसेल तर कॅमेरा फक्त नटलेल्या माणसांवर फिरतो. माझ्या व्हिडिओत एका अनोळखी मुलीचे अकरा शॉट आहेत आणि माझ्या मोठ्या काकांचा एकही नाही.

ऊन. मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात जातो, आपण सावली शोधतो पण कॅमेरा उन्हात तापतो आणि आजकालचे बरेच मिररलेस कॅमेरे तापले की आपोआप बंद पडतात, फोर-केवर सलग शूट करताना तर हमखास. मिरवणुकीत कॅमेऱ्यावर छत्री धरायला एक पोरगा द्या, आणि मिरवणूक संपल्यावर दहा मिनिटं कॅमेरा कूलरसमोर नेऊ द्या, पण पाण्याच्या फवाऱ्यात नको. बॅटऱ्या किती आहेत ते सकाळीच विचारा. हॉलवर जनरेटर आहे का आणि चार्जिंगचं बटण जनरेटरवर आहे का तेही, आमच्या वेळी पंखे जनरेटरवर होते आणि प्लग नव्हते.

त्यांना जेवू घाला, आणि पहिल्या पंगतीला नाही तर मंगलाष्टका झाल्यावर लगेच, दोघं दोघं करून. उपाशी कॅमेरावाला पाठवणीला हलतो. बट्टी-वरण, वांग्याची भाजी वाढली की माणूस आपोआप मन लावून काम करतो, हे माझं निरीक्षण आहे.

१०. नंतरचं काम, जे सगळे विसरतात

लग्नानंतर दोन-तीन दिवसांत स्वतः एक टीबीची हार्डडिस्क घेऊन जा आणि सगळा ओरिजिनल डेटा समोर बसून कॉपी करून घ्या. फोर-के व्हिडिओ १०० एमबीपीएसनं शूट केला तर तासाला ४५ जीबी होतात, दोन कॅमेरे आठ-आठ तास चालले तर ७२० जीबी, म्हणजे पेनड्राइव्हवर "सगळं" येऊच शकत नाही. कुणी ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर सगळा डेटा दिला म्हणाला तर तो मिक्स केलेला आहे. घरी आल्यावर दुसऱ्या डिस्कवर अजून एक कॉपी करा आणि ती भावाच्या किंवा माहेरच्या घरी ठेवा.

तयार व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेताना एक गंमत होते: जुन्या फॉरमॅटच्या, म्हणजे फॅट-३२ च्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल जात नाही, म्हणून व्हिडिओवाला एकतर क्वालिटी पाडतो नाहीतर तुकडे करतो. एक्स-फॅट करून मागा, आणि दुकानातून निघायच्या आधी पाच मिनिटं टीव्हीवर लावून बघा, काही टीव्हींना ते चालत नाही.

विवाह नोंदणीला लग्नपत्रिका आणि लग्नातला फोटो लागतो, आणि अल्बम यायला तीन महिने. तेव्हा चार फोटो पहिल्याच आठवड्यात मागून घ्या, मी त्यासाठी दोन चकरा जास्त मारल्या होत्या.

पहिला कट, म्हणजे एडिट केलेला पहिला व्हिडिओ, आला की एकट्यानं बघू नका, घरातल्या मोठ्यांना घेऊन बसा आणि वही-पेन ठेवा. मिनिट-सेकंद लिहून एकाच मेसेजमध्ये सगळे बदल पाठवा, रोज एक-एक पाठवलं की तो फोन उचलणं बंद करतो. आमच्या यादीत एकोणीस बदल होते. एकच बदल त्यानं करायला मागितला होता आणि मी नाही म्हटलं, हळदीच्या गाण्यात आजी मधेच थांबून सुनांवर ओरडते की चहा अजून का नाही आला, आणि लगेच पुढची ओळ उचलते. एडिटर म्हणाला, ताई हे कापू ना, खराब वाटतं. दोनदा सांगावं लागलं, दादा, हात लावू नको त्याला.